तुमची आवडती मालिका कोणती? : जेवणाच्या सुट्टीतला एक 'साधा' प्रश्न

कागल पंचतारांकित एमआयडीसीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. 'पंचतारांकित' हे नाव तिथल्या रस्ते, वीज, पाण्याच्या सोयींवरून पडले आहे, कामगाराच्या डब्यात त्यातला एकही तारा पडलेला नाही. डबे उघडले की बोलणे सुरू होते. पगाराविषयी बोलायची सोय नाही, कारण सुपरवायझर पलीकडेच बसलेला असतो. राजकारणाविषयी बोलले की भांडण होते. मग उरते ती मालिका. काल काय झाले, कोण कुणाला काय म्हणाली, सासू कशी वागली. आणि कधीतरी कुणीतरी विचारते, "तुझी सगळ्यात आवडती मालिका कुठली गं?"

एका कापड कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या, आमच्या विहारात दर रविवारी येणाऱ्या एका ताईंना हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी उत्तर दिले, "तुझ्यात जीव रंगला." आपल्याच कोल्हापूरच्या मातीतली, राणादा-अंजलीबाईंची मालिका. सगळ्या खूश झाल्या. पण रविवारी विहारात ताई आम्हाला म्हणाल्या, "सर, मी खोटं बोलले. मला बाबासाहेबांची मालिका आवडत होती. रोज रडायची बघताना. पण ते सांगितलं असतं तर म्होरं आडनाव विचारायची गरजच पडली नसती."

आजचा हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

जात विचारण्याच्या पद्धती काळाप्रमाणे बदलतात. एकेकाळी ती थेट विचारली जात होती. मग आडनाव विचारले जाऊ लागले. आडनावावरून कळेना तेव्हा "गाव कुठलं, गल्ली कुठली" असे विचारले जाऊ लागले. मग देव्हाऱ्यात कोणता फोटो आहे, मोबाईलची रिंगटोन कोणती आहे यावरून अंदाज बांधले गेले. आता त्यात मालिका आली. विचारणाऱ्या बाईच्या मनात असे काही नसेलही. तिने सहज विचारले असेल. पण ज्या समाजात 'सहज' विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाला सहज देता येते आणि दुसऱ्याला आधी डोक्यात हिशेब करावा लागतो, त्या समाजात तो प्रश्न साधा राहत नाही.

समाजशास्त्र शिकताना आम्ही पिएर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताचे विचार वाचले होते. माणसाची आवड ही त्याची एकट्याची खाजगी गोष्ट नसते, ती त्याच्या वर्गाची खूण असते, असा त्याचा मुद्दा. परीक्षेत आम्ही त्यावर पानेच्या पाने लिहिली. पण तो मुद्दा खरा समजला तो या ताईंच्या डब्यापाशी. आपल्या देशात आवड ही वर्गाबरोबर जातीचीही खूण असते आणि ती खूण लपवण्यासाठी माणसाला आपली आवडच लपवावी लागते.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही विहारात एक साधा कार्यक्रम घेतला. व्याख्यान नाही, हारतुरे नाहीत. आलेल्या प्रत्येकाने आपली एक जुनी आणि एक नवी आवडती मालिका सांगायची आणि ती का आवडली तेही सांगायचे. खोटे बोलायचे नाही एवढीच अट.

जुन्यांमध्ये पहिले नाव कुठले आले असेल? 'रामायण'. आमच्यातल्या काही तरुणांनी लगेच कपाळावर आठ्या आणल्या. पण सांगणाऱ्या आजी सत्तरीच्या होत्या. त्या म्हणाल्या, "गावात एकच टीव्ही व्हता. आमी खिडकीतनं बघायचो. आत या असं कुणी म्हटलं न्हाई, अन् आमी गेलो बी न्हाई." रामायण दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. म्हणजे दीड वर्ष, दर रविवारी, या आजी खिडकीबाहेर उभ्या होत्या. मालिका बघायला तिकीट नव्हते, पण जागा मात्र ठरलेली होती. तरुणांनो, आठ्या आणायच्या तर त्या खिडकीकडे बघून आणा, आजीकडे बघून नव्हे.

याच रामायणाची दुसरी एक गोष्ट आपल्याला माहीत असली पाहिजे. १९८८ साली ही मालिका उत्तरकांडाच्या आधीच संपणार असे ठरले, तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. हे कामगार वाल्मीकी समाजाचे. ज्याला ते आपला गुरू मानतात तो वाल्मीकी, त्याचा आश्रम, लव-कुश हे सगळे उत्तरकांडात येते, ते दाखवा अशी त्यांची मागणी होती. शेवटी पुढचे भाग निघाले. देशात एका टीव्ही मालिकेसाठी झाडू खाली ठेवला गेला तो आपल्या कष्टकरी बांधवांकडून. याची चेष्टा करू नका. 'तुमच्या गोष्टीत आम्ही कुठे आहोत?' हा प्रश्न त्यांनी विचारला होता. विरोधाभास इतकाच की ज्या उत्तरकांडासाठी त्यांनी संप केला, त्याच उत्तरकांडात शंबुकाचा वधही आहे. दुसऱ्याने रचलेल्या गोष्टीत जागा मागायला गेले की असे होते. जागा मिळते, पण मान कापलेला पूर्वजही त्याच घरात सापडतो.

दूरदर्शनने त्याच काळात आणखीही काही दिले होते, हे आम्ही त्या दिवशी विहारात मुद्दाम सांगितले. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' आली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. फाळणीची गोष्ट आहे, पण ती सुरू होते नत्थू या चामड्याचे काम करणाऱ्या माणसापासून. त्याला पैसे देऊन डुक्कर मारायला सांगितले जाते. का मारायचे, कुणासाठी, हे त्याला खोटेच सांगितलेले असते. ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. आम्ही हा पहिला भाग मोबाईलवरून भिंतीवर दाखवला. ओम पुरींचा नत्थू आणि त्याला काम सांगणारा पंकज कपूर यांचा ठेकेदार. 'ठेकेदार' हा शब्द ऐकताच फौंड्रीत फेटलिंगला जाणारा एक भाऊ म्हणाला, "सर, हे तर आमचंच. काम काय, कशासाठी, कुणी सांगत न्हाई. नुसतं कर म्हणत्यात." धर्माच्या नावावर दंगल पेटवणारे कोण आणि त्यासाठी हात वापरले जातात कुणाचे, हे समजावायला आम्हाला दोन तासांचे भाषण लागले असते. नत्थूला वीस मिनिटे पुरली.

श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' १९८८ सालचीच. ५३ भागांची. त्यात महात्मा फुल्यांवर एक स्वतंत्र भाग आहे आणि सदाशिव अमरापूरकरांनी जोतिबा उभे केले आहेत. सिनेमात ज्यांना सगळ्यांनी खलनायक म्हणून पाहिले, त्यांना तिथे पाहा. विहारातल्या पोरांपैकी एकालाही ही मालिका माहीत नव्हती. दोष पोरांचा नाही. आम्हीच त्यांना सांगितली नव्हती.

आता नव्याकडे येऊ.

१८ मे २०१९, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले. वस्तीत त्या काळी काय वातावरण होते हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. कसबा सांगावपासून हुपरीपर्यंत आमच्या वस्त्यांमध्ये मालिकेच्या वेळेला गल्ली रिकामी व्हायची. दुसऱ्या पाळीला गेलेली माणसे घरी फोन करून "आज काय झालं?" असे विचारायची. खाजगी मनोरंजन वाहिनीवर रोज रात्री आपला बाप दिसतो आहे, ही गोष्टच इतकी मोठी होती की मालिकेत काय खटकले हे बोलायला कुणाला सवड नव्हती.

पण आम्ही ते बोलणार आहोत. रविवारच्या कार्यक्रमात आम्ही विचारले, "मालिकेतले काय लक्षात राहिले?" उत्तरे आली ती अशी : लहानग्या भिवाचा शाळेतला अपमान, पाण्याचा प्रसंग, रमाईचे कष्ट, रमाईचे जाणे. सगळे डोळ्यांत पाणी आणणारे. मग आम्ही विचारले, "१९३८ सालच्या ७ नोव्हेंबरचा मुंबईतला संप कुणाला आठवतो का?" कुणाला नाही. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने पुकारलेला तो संप. "त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू कोणते सांगितले?" कुणाला नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे ते दोन शत्रू. ज्या माणसाने व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले, त्याची मालिका पाहून एमआयडीसीतल्या कामगारांना फक्त अश्रू आठवत असतील, तर त्यात मालिकेच्या मांडणीचा वाटा किती आणि आपल्या बघण्याचा वाटा किती, याचा विचार झाला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनीच राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते. टीव्हीसमोर अगरबत्ती लावून मालिका बघणाऱ्यांनी ते भाषण एकदा वाचावे.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' सुरू झाली. सावित्रीमाई आणि जोतिबांवरची मराठी मालिका. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती बंद झाली. कारण काय? प्रेक्षक मिळत नाहीत, टीआरपी नाही. आम्ही विहारात हात वर करायला सांगितले : ही मालिका रोज कुणी पाहिली? चार हात वर आले. आमचा स्वतःचा हात अर्धाच वर आला, कारण आम्हीही सुरुवातीचे काही भाग पाहून सोडून दिली होती. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर काय लागत होते आणि आपल्या घरात रिमोट कुणाच्या हातात होता, हे ज्याने त्याने आठवावे.

यावर एकजण म्हणाला, "टीआरपीचं मीटर आपल्या घरात असतंय कुठं?" मुद्दा बिनतोड आहे. टीआरपी म्हणजे देशातल्या प्रत्येक घराची मोजणी नव्हे. निवडक घरांमध्ये बसवलेल्या मीटरवरून सगळ्या देशाची आवड ठरवली जाते आणि त्या आवडीवर जाहिरातदार पैसे लावतात. ज्याच्या खिशात पैसा, त्याचीच आवड बाजाराला मोलाची. आठ बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पाचजण मिळून मोबाईलवर बघणाऱ्या कामगारांची आवड या हिशेबात बसत नाही. हे सगळे खरे. पण हे खरे आहे म्हणून आम्ही न पाहण्याला माफी मिळत नाही. मीटर नव्हते, पण कुठल्या मालिकेचे नाव आपण चारचौघांत घेत होतो हे तर आपल्याच हातात होते ना?

ज्या २०२० सालात हे घडले त्याच वर्षी २८ मार्चपासून, टाळेबंदी लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, दूरदर्शनने पुन्हा 'रामायण' दाखवायला घेतले. पुढच्या दिवसांत या एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार खोल्या सोडून महामार्गाने निघाले. ज्यांना आपण जेवणाची पाकिटे वाटत होतो ते चालत वनवासाला निघालेले होते आणि घराघरांत टीव्हीवरचा वनवास बघून लोक गहिवरत होते. पडद्यावर काय दाखवायचे हा निर्णय किती राजकीय असतो, हे त्या महिन्यांनी आम्हाला शिकवले.

आता ओटीटी. याचे पैसे भरणारा आमच्यात क्वचितच कुणी असतो. एकजण भरतो, पाचजण त्याचा पासवर्ड वापरतात. पण पोरे बघतात आणि चांगले बघतात. कार्यक्रमात दोन नावे आली. पहिले, २०२३ ची 'दहाड'. राजस्थानातल्या पोलीस ठाण्यातली सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी. ती दलित आहे. तिच्या वडिलांनी मेघवाल हे आडनाव बदलून भाटी केलेले. एक कर्मचारी ती जवळून गेली की उदबत्ती पेटवतो. आणि मालिकेच्या शेवटी ती आपले मूळ आडनाव परत घेते. हे ऐकताना कापड कारखान्यातल्या त्या ताई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि आम्हाला कळले की वर्दी आणि पिस्तूल असलेल्या बाईलाही जे करायला आठ भाग लागले ते कंत्राटी कामगार बाईकडून आपण एका जेवणाच्या सुट्टीत मागतो आहोत.

दुसरे, त्याच वर्षीचा 'मेड इन हेवन'चा दुसरा सीझन. त्यातला राधिका आपटेचा भाग. शिकलेली दलित नवरी आपले लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावे म्हणून अडून बसते. पांढरी साडी, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, वंदना. आमच्या पोरांच्या मोबाईलच्या स्टेटसला तो प्रसंग कित्येक दिवस होता. त्या भागाचे दिग्दर्शन नीरज घायवान यांचे. आपण दलित समाजातून आलो हे ते जाहीरपणे सांगतात. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे याने कॅमेऱ्यासमोर काय दिसते ते बदलते, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही. पण एक भाग म्हणजे एकच भाग. बाकी मराठी-हिंदी मालिकांत लग्ने रोज लागतात, महिनाभर चालतात. त्यांतल्या कितींमध्ये सप्तपदीऐवजी त्रिसरण-पंचशील दिसते? आम्ही नायक-नायिकेचे सोडाच, शेजाऱ्यांच्या लग्नाविषयी विचारतो आहोत.

इथे काही आक्षेप येतील, त्यांची उत्तरे देतो.

पहिला आक्षेप : कामगाराचा खरा प्रश्न पगाराचा, पीएफचा, ओव्हरटाइमचा आहे, मालिकांचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की जिला शेजारच्या मशीनवरच्या बाईला आपली आवडती मालिका सांगायची भीती वाटते, ती उद्या त्याच बाईबरोबर ओव्हरटाइमसाठी ठेकेदारासमोर उभी राहील का? मनमाडला सांगितलेले दोन शत्रू वेगवेगळ्या दाराने येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एक आपल्याला गप्प करतो आणि सुट्टी संपल्यावर दुसरा त्या गप्प बसण्याचा फायदा घेतो.

दुसरा आक्षेप : मग फक्त 'आपल्याच' मालिका बघायच्या का? अजिबात नाही. आम्हीही 'तुझ्यात जीव रंगला' पाहिली आहे, 'नुक्कड' आठवून आजही हसतो. १९८६ च्या त्या मालिकेत चौकातला वायरमन, सायकलवाला, मोलकरीण ही माणसे गोष्टीच्या मध्यभागी होती. आजच्या मालिकांत स्वयंपाकघर आमच्या विहाराएवढे मोठे असते आणि तिथे काम करणाऱ्या बाईला आडनावच नसते. जे आवडते ते बघा. फक्त बघताना विचारा : या घरात भांडी कोण घासते, आणि ती तिच्या घरी गेल्यावर कोणती मालिका बघते?

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या समाजकार्याच्या बैठकीत आम्हाला हाच प्रश्न गप्पांमध्ये विचारला गेला होता. आम्ही पटकन 'भारत एक खोज' म्हणालो. उत्तर खोटे नव्हते, पण सुरक्षित होते. त्या खोलीत दुसरे नाव घेतले असते तर निधीच्या फाईलचे काय झाले असते, हा हिशेब आमच्याही डोक्यात झाला होता. एमए झालेला माणूस जर हिशेब करतो, तर ताईंना कुठल्या तोंडाने धाडस शिकवायचे?

म्हणून धाडस करण्याचे ओझे आम्ही ताईंवर टाकणार नाही. ते ओझे इतरांनी उचलायचे आहे. या एमआयडीसीच्या नावातला कागल म्हणजे राजर्षी शाहूंच्या जन्माचे घाटगे घराणे. याच पट्ट्यातल्या, तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि शाहू महाराज स्वतः तिथे येऊन, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असे सांगून गेले. महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले, त्या हॉटेलात ते स्वतः जाऊन चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. गंगारामांनी एकट्याने धीर धरून चालणार नव्हते, कुणीतरी पलीकडून येऊन त्यांचा कप उचलावा लागणार होता, हे महाराजांना ठाऊक होते. एवढी गोष्ट या मातीत पडली असताना तिच्यावर एक दमदार मालिका होऊ नये, हे लिहिणाऱ्यांचे दारिद्र्य आहे. आणि ती होईपर्यंत डबा खाताना कुणीतरी मराठा, जैन, लिंगायत मैत्रिणीने "मी पण बाबासाहेबांची मालिका बघत होते गं" असे आधी म्हणावे, ही अपेक्षा शाहूंच्या कागलात फार मोठी आहे का?

आम्ही आमच्या बाजूने एवढेच ठरवले आहे. श्याम बेनेगलांची 'संविधान' ही मालिका राज्यसभा टीव्हीवर मार्च २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे दहा भाग आहेत, सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत आहेत आणि ती यूट्यूबवर फुकट बघता येते. दहा रविवार, दहा भाग. तिच्यात रडवणारे प्रसंग कमी आणि वादविवाद जास्त आहेत, म्हणूनच ती निवडली. प्रत्येक भागानंतर अर्धा तास चर्चा. कोणत्याही समाजाच्या, कोणत्याही पाळीच्या कामगाराने यावे. बिहारच्या, ओडिशाच्या भावांसाठी ती हिंदीत आहे हे उत्तमच. चहा विहाराकडून.

ताईंनी अजून कारखान्यात खरे उत्तर दिलेले नाही. आम्ही विचारलेही नाही. मागच्या रविवारी मात्र त्या एक मैत्रीण बरोबर घेऊन आल्या. मैत्रिणीने दारात चप्पल काढली, आत पाहिले आणि विचारले, "इथं मालिका बघायला बसायचं कुठं?"

ताई म्हणाल्या, "कुठंबी बस. इथं जागा ठरलेली न्हाई."

खिडकीबाहेर दीड वर्ष उभ्या राहिलेल्या आजी पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी सरकून जागा करून दिली.

जय भीम!